आभाळातून पडलेला कवडसा

लहानपणी आरशाचा खेळ कोण खेळलं नाही? उन्हात उभं राहायचं, हातातला आरसा हळूच तिरका करायचा आणि समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवायचा. तो नेमका कुणाच्या डोळ्यांवर पडला की पलीकडून आरडाओरडा! आता हाच खेळ कुणीतरी ७८० किलोमीटर उंचीवरून खेळतंय अशी कल्पना करा. आरसा घराच्या दाराएवढा, ऊन आपल्या नेहमीच्या सूर्याचं, आणि कवडसा पडतोय तो अंधारात बुडालेल्या एखाद्या गावावर. आकाशात एक बारीकशी चांदणी सरकताना दिसते. बघता बघता ती फुलते, शुक्रालाही मागं टाकते, काही सेकंद लखलखते आणि विझून जाते. पाहणारा डोळे चोळत राहतो.

१९९७ ते २०१९ या बावीस वर्षांत जगभरातल्या असंख्य लोकांनी हा चमत्कार पाहिला. कुणी त्याला उल्का म्हटलं, कुणी उडती तबकडी, तर कुणी देवाची ज्योत. खरं तर ती होती निव्वळ आरशाची करामत. खगोलप्रेमींनी तिला नाव दिलं, 'इरिडियम फ्लेअर'. आणि या लखलखाटाचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचतो!

सत्त्याहत्तरचे सहासष्ट झाले

मोटोरोला या अमेरिकी कंपनीच्या डोक्यातून निघालेली ही योजना होती मोठी धाडसी. जगाच्या पाठीवर कुठंही जा, वाळवंटात, समुद्रात किंवा हिमालयात, खिशातल्या फोनवरून बोलता आलं पाहिजे. त्यासाठी पृथ्वीभोवती सत्त्याहत्तर उपग्रहांचं जाळं विणायचं ठरलं. इरिडियम या धातूच्या अणूत सत्त्याहत्तर इलेक्ट्रॉन असतात, म्हणून योजनेचं नावही इरिडियम. पुढं हिशेब करता लक्षात आलं, की सहासष्ट उपग्रहांत काम भागतं. पण सहासष्ट क्रमांकाचं मूलद्रव्य आहे डिस्प्रोसियम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मिळायला कठीण'. फोन विकणाऱ्या कंपनीला हे नाव कसं परवडणार? तेव्हा उपग्रह कमी झाले, नाव तेच राहिलं.

५ मे १९९७ रोजी पहिले पाच उपग्रह आकाशात गेले. सहा कक्षा, प्रत्येक कक्षेत अकरा उपग्रह, आणि साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. प्रत्येक उपग्रहाला तीन मोठ्या सपाट अँटेना होत्या. एकेक अँटेना सुमारे १८८ सेंटीमीटर लांब आणि ८६ सेंटीमीटर रुंद. उष्णतेपासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्यावर चांदीचा मुलामा दिलेलं टेफ्लॉनचं आवरण होतं. त्यामुळं त्या अगदी आरशासारख्या गुळगुळीत झाल्या. आकाशात रोषणाई करावी असा हेतू कुणाच्याही मनात नव्हता. पण चकचकीत फळी उन्हात फिरू लागली की तिचा कवडसा कुठंतरी पडणारच!

हा कवडसा किती तेजस्वी असायचा? ताऱ्यांचं तेज 'प्रती'मध्ये मोजतात. हा हिशेब उलटा असतो. आकडा जितका लहान तितकं तेज जास्त, आणि फारच तेजस्वी गोष्टींचा आकडा शून्याच्याही खाली जातो. शुक्र ऐन भरात असताना उणे साडेचारच्या आसपास असतो, पौर्णिमेचा चंद्र उणे पावणेतेराच्या जवळ. उत्तम इरिडियम फ्लेअर उणे आठपर्यंत जायचा. म्हणजे शुक्राच्या वीस-पंचवीसपट! ठिकाण नेमकं ठाऊक असेल तर असे फ्लेअर भर दिवसाही दिसत.

चाकसूत लख्ख, जयपुरात मंद

या कवडशाची खरी गंमत कळण्यासाठी आपण जरा राजस्थानात जाऊ. जयपूरहून टोंकच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर चाकसू हे तालुक्याचं गाव लागतं. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १७८७ साली महादजी शिंद्यांच्या फौजा आणि जयपूरकर यांची लढाई झाली ते लालसोट-तुंगा याच बाजूला. चाकसूची खरी ओळख मात्र 'शील की डूंगरी' या टेकडीवरच्या शीतलामातेची. आपल्या पंचांगातल्या फाल्गुन वद्य अष्टमीला, म्हणजे तिकडच्या हिशेबानं चैत्राच्या अष्टमीला, इथं मोठी जत्रा भरते. आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न देवीला दाखवायचं आणि त्या दिवशी तेच खायचं, अशी रीत. तिकडं या सणाला बासोडा म्हणतात.

समजा, अशा एखाद्या संध्याकाळी एक माणूस चाकसूच्या टेकडीवर उभा आहे आणि त्याचा भाऊ जयपुरात घराच्या गच्चीवर. दोघंही आकाशाच्या एकाच भागाकडं पाहताहेत. इरिडियमचा उपग्रह येतो. चाकसूचा भाऊ थक्क होऊन ओरडतो, "केवढा हा उजेड!" आणि जयपूरचा भाऊ म्हणतो, "कुठं काय? एक साधी चांदणी सरकतेय." दोघंही खरंच बोलत असतात!

याचं कारण आंब्याच्या झाडाखाली सापडतं. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण त्यांतून जमिनीवर पडणारे कवडसे मात्र गोल असतात. कारण तो प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं छोटं चित्रच असतं. सूर्याचं बिंब आपल्याला अर्धा अंश रुंद दिसतं, त्यामुळं बारीक फटीतून आलेला उजेडही तेवढाच पसरत जातो. अंतराला १०८ नं भागलं की कवडशाची रुंदी मिळते. तीन मीटरवरच्या पानांतून आलेला कवडसा पावणेतीन सेंटीमीटरचा. हाच हिशेब ७८० किलोमीटरला लावा. उत्तर येतं सुमारे सात किलोमीटर! उपग्रह डोक्यावर नसून क्षितिजाकडं झुकलेला असेल तर अंतर वाढतं आणि कवडसाही मोठा होतो. तरी त्याचा भरदार गाभा एका शहराएवढाच. चाळीस किलोमीटरवरचं जयपूर त्याच्या बाहेर राहणार, हे उघड आहे. म्हणूनच फ्लेअरचं वेळापत्रक गावागणिक निराळं काढावं लागे. त्यासाठी उपग्रहाची कक्षा, त्याचा कल आणि सूर्याची जागा असं सगळं गणितात घालावं लागे. ते इतकं अचूक जमलं, की वेळ सेकंदापर्यंत सांगता येऊ लागली.

जयपूरच्या जंतरमंतरात सवाई जयसिंगांनी बांधलेलं सम्राट यंत्र आहे, सुमारे सत्तावीस मीटर उंच. उन्हात त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. एखादा फ्लेअर दहा सेकंद टिकला असं धरलं, तर तेवढ्या वेळात ही सावली जेमतेम एक सेंटीमीटर पुढं जाईल. अठराव्या शतकातला तो राजा सूर्याची चाल दगडात पकडू पाहत होता. विसाव्या शतकातल्या माणसानं सूर्याचा उजेडच आभाळातून खाली वळवला, आणि तोही अजाणता!

पातळ ढगाआडचा दिवा

आता येऊ सर्वांत देखण्या भागाकडं. आकाश निरभ्र असेल तर फ्लेअर म्हणजे एक लख्ख ठिपका. पण मध्ये पातळ ढगाचा पडदा असेल तर? आपल्याला वाटतं, ढग आले, आता काय दिसणार! प्रत्यक्षात अशाच वेळी गंमत वाढते.

राजस्थानात हिवाळ्यात पश्चिमेकडून हवामानाचे बिघाड येतात. त्यांच्या आधी आकाशात पिंजलेल्या कापसासारखे ढग पसरतात. हे तंतुमेघ फार उंचावर असतात आणि ते पाण्याचे नसून बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. ढग तेरा किलोमीटरवर धरला तर इरिडियमचा उपग्रह त्याच्या साठपट उंच. म्हणजे दिवा फार लांब आणि मलमलीचा पडदा आपल्या अगदी नाकासमोर. अशा ढगांत बारके तारे पुसले जातात, पण उणे सात-आठ प्रतीचा झोत काही अडत नाही. ठिपक्याभोवती दुधाळ उजेड पसरतो. इतका वेळ ज्याचं अस्तित्वही जाणवत नव्हतं त्या ढगाचा पोत, त्यातल्या रेघा, त्याची झालर क्षणभर उमटते. उपग्रह पुढं सरकतो तसा हा उजेडही ढगातून पुढं सरकतो आणि ठिपका मंदावला की ढग पुन्हा अंधारात गडप!

हे शास्त्र आपल्या ओळखीचंच आहे. चंद्राला 'खळं' पडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खेड्यापाड्यांतली जुनी माणसं त्यावरून पावसाचा अंदाजही बांधतात. नीट पाहिलं तर खळी दोन जातींची असतात. एक चंद्राला अगदी चिकटलेलं, मधे निळसर-पांढरं आणि कडेला तांबूस. ढगातले बारीक थेंब किंवा कण उजेडाला थोडं थोडं वाकवतात, त्यातून ते तयार होतं. थेंब जितके बारीक तितकं हे कडं मोठं, आणि थेंब एकसारखे असले की रंगही स्वच्छ उमटतात. दुसरं खळं चंद्रापासून चांगलं लांब, बावीस अंशांवर. हात पूर्ण लांबवून पंजा फाकवला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढं अंतर भरतं. हे खळं बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांचं. प्रत्येक स्फटिक इवल्याशा लोलकाचं काम करतो. याची आतली कड तांबूस असते.

फ्लेअरभोवती दिसायचं ते बहुधा पहिल्या जातीचं, जवळचं तेजोवलय. बावीस अंशांचं मोठं कडं डोळ्यांना दिसणं कठीण, कारण उणे आठचा फ्लेअर झाला तरी पूर्ण चंद्राच्या तो पाऊणशे पटींनी मंद. एवढा उजेड मोठ्या कड्यावर पसरला की विरूनच जातो. शिवाय डोळ्याला सावरायला वेळ तरी कुठं मिळतो?

हा प्रयोग घरीही करता येतो. गरम चहाच्या वाफेवर चष्मा धरा, काच धूसर झाली की तो लगेच डोळ्यांवर चढवा आणि अंधारातून लांबच्या दिव्याकडं बघा. दिव्याभोवती रंगीत कडं दिसेल. वाफेचे थेंब हे ढगाच्या थेंबांचेच भाऊबंद!

ढग तुटक असले तर आणखी एक भ्रम होतो. उपग्रह एका ढगाआड जातो, फटीत चमकतो, पुन्हा लपतो. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी दिवा लावून-विझवून खुणा करतंय. उडत्या तबकड्यांच्या काही कहाण्या अशाच जन्माला आल्या असतील तर नवल नाही.

दिघीचं केंद्र आणि पुण्याचं न्यायालय

आता पुण्याचा धागा. या जाळ्यासाठी जमिनीवर ठिकठिकाणी केंद्रं उभारली गेली. भारतातल्या सेवेसाठी इरिडियम इंडिया टेलिकॉम ही कंपनी निघाली आणि तिचं केंद्र पुण्याजवळ दिघी इथं झालं. १ नोव्हेंबर १९९८ रोजी जगभर सेवा सुरू झाली. पण फोन होता विटेएवढा, किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास, बोलण्याचे दर अवाच्या सवा, आणि घरात शिरलं की आवाज बंद! तोवर साधे मोबाइल स्वस्त होऊन हातोहाती पोचू लागले होते. पाच अब्ज डॉलरच्या घरातला हा खेळ वर्षभरही टिकला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये इरिडियम कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

भारतीय कंपनीनं मोटोरोलाविरुद्ध पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं फसवणुकीची फिर्याद केली. मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० ऑक्टोबर २०१० रोजी न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारला. आरोप खरे की खोटे, हा निवाडा त्यात नव्हता. मुद्दा वेगळाच होता. ज्या गुन्ह्यात 'मनातला हेतू' सिद्ध करावा लागतो, त्यात माणूस नसलेल्या कंपनीवर खटला चालू शकतो का? न्यायालयाचं उत्तर होतं, चालू शकतो. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात.

इकडं आकाशातले उपग्रह खाली पाडून जाळून टाकायची तयारी सुरू झाली होती. ऐनवेळी नव्या मालकांनी अवघ्या अडीच कोटी डॉलरना सगळी मालमत्ता उचलली आणि उपग्रह वाचले. त्यांच्याबरोबर फ्लेअरही वाचले! मात्र १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या आकाशात यांतला एक, इरिडियम ३३, रशियाच्या निकामी कॉसमॉस २२५१ वर आदळला. दोघांच्या ठिकऱ्या उडाल्या. मोजता येतील एवढ्या मोठ्या तुकड्यांची संख्याच दोन हजारांच्या आसपास गेली.

पुढं जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात नवे उपग्रह गेले. त्यांच्या अँटेनांची रचना वेगळी, आरशासारख्या फळ्या नाहीत. जुने उपग्रह एकेक करून खाली आणले गेले आणि २०१९ संपता संपता फ्लेअरचं वेळापत्रकही मिटलं. काही निकामी उपग्रह अजून वर गटांगळ्या खात आहेत. त्यांतला एखादा अवचित चमकून जातो, पण तो केव्हा चमकेल हे कुणी सांगू शकत नाही.

मग आता काय दिसतं?

निराश होऊ नका, आकाश रिकामं झालेलं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीभोवती फिरतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, जमिनीवर अंधार पण वर ऊन अशा वेळी, ते शुक्राच्या तोडीचं दिसू शकतं. कधी कधी त्याच्या सौरपंखांवरून ऊन परावर्तित झालं की तेही क्षणभर भडकतं.

मे २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या 'आगगाड्या' दिसू लागल्या. नुकतेच सोडलेले उपग्रह एका ओळीत दिव्यांच्या माळेसारखे जातात. २०२४ संपेपर्यंत या एका कंपनीचेच सहा हजारांहून अधिक उपग्रह वर होते. तेही चमकतात, पण ढंग वेगळा. सूर्य क्षितिजाखाली बराच खोल गेलेला असताना, सूर्याच्याच दिशेला, क्षितिजाजवळ एकामागून एक ठिपके उजळतात आणि विझतात. विमानाच्या वैमानिकांनीही ते पाहून विचारणा केल्या आहेत. क्षितिजाजवळ धूळ किंवा पातळ ढग असला की या ठिपक्यांचे फिकट डाग होतात आणि गूढ आणखी वाढतं.

तेव्हा उजेड दिसला की तो कशाचा, हे ओळखायला शिकलं पाहिजे. लाल-हिरवे दिवे मिचकावत जातं ते विमान. एकाच जागी ढगावर पुन्हा पुन्हा गोल फिरतो तो लग्नाच्या मांडवातला सर्चलाइट. तो ढगाला खालून उजळतो, तर उपग्रह वरून. एक-दोन सेकंदांत सर्रकन जाते ती उल्का. आणि ती खरोखर जमिनीवरही पोचू शकते! ६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात अशी एक काळी उल्का पडली. कार्बनयुक्त दुर्मीळ जातीची म्हणून शास्त्रज्ञांनी तिचा कसून अभ्यास केला.

गुढीपाडव्याची ती संध्याकाळ

शेवटचा प्रकार आपल्या विदर्भानं पाहिला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास नागपूर, चंद्रपूरपासून जळगावपर्यंत लोकांनी आकाशात पेटते गोळे ओळीनं, सावकाश सरकताना पाहिले. कुणी म्हणालं, विमान पेटलं. कुणी म्हणालं, उल्कापात. अफवांना ऊत आला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. चीननं फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ओळखलं. पुढं इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन पाहणी केली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब!

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडं केवढी घबराट उडाली होती, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते पडलं ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. भीती होती ती न कळण्याची. फ्लेअरचा उजेड कुणालाही इजा करत नाही, तो नुसता परावर्तित सूर्यप्रकाश. पण खाली पडलेली वस्तू मात्र खेळणं नव्हे. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचे अंश राहिलेले असू शकतात. अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका आणि पोलीस किंवा तहसील कचेरीला कळवा.

काळोखाचा भाव काय?

इथवर सगळं गमतीचं. पण एक प्रश्न उरतोच. आकाश कुणाचं?

सहासष्ट उपग्रहांचे फ्लेअर ही पर्वणी होती. हजारो उपग्रहांची वर्दळ ही पर्वणी राहत नाही. जुन्नरजवळ गिरवली इथं आयुकाची वेधशाळा आहे, अबूच्या गुरुशिखरावर दुसरी. मंद तारकांचा उजेड तासन्‌तास साठवणाऱ्या जगभरच्या अशा दुर्बिणींच्या फोटोंवर उपग्रहांच्या रेघोट्या उमटू लागल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर ३ या उपग्रहाची अँटेना चौसष्ट चौरस मीटरची. ती उलगडल्यावर तो आकाशातल्या ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. आंतरराष्ट्रीय खगोल संघानं त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. कंपन्यांनी काळा रंग, उन्हाच्या झडपा असे उपाय करून पाहिले. तेज थोडं कमी झालं, संख्या मात्र वाढतच गेली.

रशियानं तर ४ फेब्रुवारी १९९३ रोजी मुद्दामच वीस मीटरचा आरसा अवकाशात उलगडून पाहिला होता. पाच किलोमीटरचा कवडसा युरोपवरून धावत गेला. रात्री शहरं उजळायची, असा मनसुबा! त्या रात्री बऱ्याच ठिकाणी ढग होते, थोड्याच जणांना तो दिसला. १९९९ मधला दुसरा प्रयत्न फसला आणि काळोखाचा जीव वाचला.

तरी आकाश जास्त पुसून टाकलंय ते आपल्या गल्लीतल्या दिव्यांनी. चाकसूहून उत्तरेला पाहिलं की जयपूरची लाली दिसते, दक्षिणेला अजून काळोख शिल्लक आहे. आपल्याकडं पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला, भारतातला पहिला. दिव्यांना वरून झाकणं घातली, प्रकाश खाली वळवला, एवढ्यानंही पुष्कळ साधतं. हे काम हाउसिंग सोसायटीही करू शकते आणि त्यात वीजही वाचते!

तुम्हीही पाहा

दुर्बीण लागत नाही. सूर्यास्तानंतर पाऊण तासानं गच्चीवर जा, नाही तर पहाटे उजाडायच्या तासभर आधी. दहा-पंधरा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. अंतराळ स्थानक तुमच्या गावावरून केव्हा जाणार, त्याचं वेळापत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं. गावाचं नाव मात्र अचूक घाला, चाकसू आणि जयपूरचा फरक आठवतो ना? पातळ ढग असले तर घरात परत येऊ नका. ठिपक्याभोवती उजेड किती पसरतो, त्याला रंग आहे का, ढगाच्या कोणत्या भागात तो जास्त फुलतो, हे वहीत लिहून ठेवा. त्याच रात्री चंद्राला खळं असेल तर पंजानं त्याचं अंतर मोजा. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून दहा-वीस सेकंदांचा काढा. ठिपका भडकला की रेघ मधे फुगीर आणि टोकांना निमुळती येते, चातीवरच्या सुतासारखी.

एकट्याला कंटाळा येत असेल तर सोबत शोधा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे, आणि राज्यातल्या पुष्कळ शहरांत आकाशप्रेमींची मंडळं आहेत.

आकाशात काही चमकलं आणि शेजारच्या घरात घबराट उडाली, तर त्यांना हाक मारून गच्चीवर बोलवा. ते विमान की उपग्रह, ढगाच्या वरचं की खालचं, हे चार जणांनी मिळून ठरवलं की भीती आपोआप जिना उतरून जाते. आणि घरातल्या लहानग्यानं विचारलं, "हा दिवा कुणी लावला?" तर त्याला खरं उत्तर द्या. दिवा सूर्याचाच आहे, फक्त आरसा माणसाचा. असे आरसे वर किती ठेवायचे आणि काळोख किती राखायचा, हे ठरवायची पाळी आता त्याच्या पिढीवर येणार आहे.